विमानाचं भाडं नातेपुत्याच्या स्टँडपासून मोजायचं

नातेपुत्याच्या आसपासच्या गावांत विमानाने येणं-जाणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. खानापूर-आटपाडीपासून माण, सांगोला, माळशिरसपर्यंतच्या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी केरळ, तमिळनाडू, बंगालपर्यंत पांगली आहेत. लग्न, जत्रा, दिवाळी, गावाकडचं दुखणं-खुपणं, असं काहीतरी निघतं आणि गावी यावं लागतं. रेल्वेत जाता-येता चार दिवस मोडतात आणि तेवढे दिवस दुकान बंद राहतं. म्हणून विमान. सैन्यातली मुलं सुट्टीवर येताना विमानाने येतात. मुलगा-मुलगी अमेरिकेत असलेले आई-वडीलही आता प्रत्येक मोठ्या गावात सापडतात. आणि या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: शेजारच्याला साडेचार हजारात मिळालेलं तिकीट आपल्याला नऊ हजारांना का पडलं?

उत्तर तिकीट विकण्याच्या पद्धतीत आहे. एसटीत मागच्या आणि पुढच्या बाकाचं भाडं एकच असतं. विमानात सीटला भाडं नसतं, कोट्याला असतं. समजा, इकॉनॉमीच्या 180 जागा आहेत. कंपनी त्यांचे दहा-पंधरा कोटे पाडते आणि प्रत्येक कोट्याला इंग्रजी अक्षराचं नाव देते. सगळ्यात खालच्या कोट्यात थोड्या जागा, स्वस्त. त्या संपल्या की पुढचा कोटा, थोडा महाग. असं करत शेवटच्या चार-दोन जागा अव्वाच्या सव्वा दराने विकल्या जातात, कारण आदल्या दिवशी तिकीट काढणाऱ्याला बहुधा जाणं भागच असतं. मोबाइलवर दिसतो तो त्या घटकेला शिल्लक असलेल्या सर्वांत खालच्या कोट्याचा दर. कोणत्या कोट्यात किती जागा ठेवायच्या हे कंपनीची संगणक यंत्रणा सतत बदलत असते. मागणी थंड दिसली की खालचा कोटा पुन्हा उघडतो. म्हणूनच दर कधीकधी उतरतोही.

ही पद्धत अमेरिकेतून आली. तिथे 1978 मध्ये विमानभाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठलं, आणि 1985 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने स्वस्त प्रतिस्पर्ध्यांशी झुंजण्यासाठी आगाऊ तिकीट काढणाऱ्यांना मोठी सवलत देऊन उरलेल्या जागा घाईवाल्यांसाठी चढ्या दराने राखून ठेवल्या. आपल्याकडे 1994 मध्ये हवाई क्षेत्रातली सरकारी मक्तेदारी कायद्याने संपली. 2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने लहान शहरांतून स्वस्त उड्डाणं सुरू केली आणि एक रुपयाच्या तिकिटांची देशभर चर्चा झाली. भाडं ठरवण्याची मुभा आज कंपन्यांकडे आहे. सरकार हात घालतं ते अपवादाने. करोनाकाळात मे 2020 पासून 31 ऑगस्ट 2022 पर्यंत भाड्याला मर्यादा होती, आणि डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा काही काळ 500 किलोमीटरपर्यंत 7500 रुपये आणि त्याहून लांबच्या प्रवासाला 18000 रुपयांपर्यंत असं कमाल भाडं ठरवून दिलं होतं.

कोट्यांचं हे गणित एकदा कळलं की पैसे कुठे वाचतात ते आपोआप दिसतं. सगळ्यात जास्त वाचतात तारखेत. दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी कोचीहून पुण्याला यायचं असेल तर खालचे कोटे कंपनी उघडतच नाही; विमान भरणार हे तिला ठाऊक असतं. तेच पाच-सहा दिवस आधी, मंगळवारी-बुधवारी निघालं तर भाडं बऱ्याचदा निम्म्यावर येतं. गलाईवाल्यांना दिवाळीच्या तोंडावर दुकान सोडता येत नाही हे खरं. पण बायका-मुलांना आधी पाठवता येतं, आणि परतीचा रविवार टाळून मंगळवार धरता येतो. परतीचा रविवार हा मला सर्वांत महागडा हट्ट वाटतो. शिखर शिंगणापूरची चैत्रातली यात्रा, उन्हाळ्याची सुट्टी, लग्नाच्या दाट तिथी या काळाची तिकिटं दोन-तीन महिने आधी काढावीत. एरवीच्या दिवसांत महिना-दीड महिना पुरतो. गूगल फ्लाइट्ससारख्या ठिकाणी महिनाभराचे दर तारखेवार दिसतात. आधी ते पाहावं आणि मग घरच्यांशी तारीख ठरवावी. आपण उलटं करतो. तारीख पक्की होते, पाहुण्यांना कळवलं जातं, मग तिकीट बघितलं जातं.

कुटुंबाचं तिकीट काढताना एक गोष्ट हमखास सुटते. चौघांसाठी एकदम शोध घेतला, आणि खालच्या कोट्यात दोनच जागा उरल्या असतील, तर यंत्रणा चौघांनाही वरच्या कोट्याचा दर लावते. समजा, खालचा दर 4200 आणि वरचा 5100. चौघांचे एकत्र 20400 होतील. तेच आधी दोघांचं आणि मग दोघांचं काढलं तर 8400 आणि 10200, म्हणजे 18600. दहा मिनिटांत 1800 रुपये वाचले. म्हणून आधी एकट्यासाठी दर पाहावा, मग चौघांसाठी, आणि फरक दिसला तरच तिकीट तोडावं. तोडल्यावर पीएनआर, म्हणजे तिकिटाचे नोंदणी क्रमांक, दोन होतात. उड्डाणाची वेळ बदलली तर दोन्हींकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि लहान मूल असेल तर ते मोठ्या माणसाबरोबरच्या पीएनआरमध्ये हवं.

सारखं बघितलं की दर वाढतो, म्हणून मोबाइलमधली हिस्ट्री पुसावी, असं पुष्कळजण सांगतात. त्यात वेळ घालवू नये. दर वाढलेला दिसतो तो बहुतेकदा मधल्या वेळात कोणीतरी खालच्या कोट्यातल्या जागा घेतल्यामुळे, नाहीतर आधी दिसलेला दर शिळा असल्यामुळे.

आता विमानतळाकडे. नातेपुत्याहून पुणे सुमारे दीडशे किलोमीटर, सोलापूरही जवळपास तितकंच, कोल्हापूर त्याहून थोडं लांब. सोलापूर विमानतळाचं घोडं बरीच वर्षं अडलं होतं. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली गेली, आणि 9 जून 2025 ला फ्लाय91 चं गोव्याचं, तर 15 ऑक्टोबर 2025 ला स्टार एअरचं मुंबईचं उड्डाण सुरू झालं. पंढरपूर-सांगोला बाजूच्या लोकांना याचा मोठा आधार आहे. मात्र ही विमानं छोटी, सत्तरेक आसनांची. जागा थोड्या म्हणून खालचे कोटेही लवकर संपतात, आणि फेऱ्या मोजक्या असल्याने वेळापत्रक आधी तपासूनच बेत करावा. केरळ, चेन्नई, कोलकात्याकडे जाणाऱ्याला पर्याय पुण्यातच जास्त आहेत. पण पुण्याची धावपट्टी हवाई दलाची. तिथे उड्डाणांच्या वेळा मर्यादित आहेत, त्यामुळे गर्दीच्या दिवसांत पुण्याचं भाडं मुंबईपेक्षा चढं असू शकतं. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. आपल्या बाजूने जाणाऱ्याला तो मुंबईच्या अलीकडेच पडतो. त्याचा कोड एनएमआय, जुन्या मुंबईचा बीओएम. तिकिटावर तो नीट वाचावा. गोव्याचंही तसंच, दाबोळी वेगळं आणि मोपा वेगळं. एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणाहून पुढचं विमान धरायचं असलं, तर स्वस्त तिकिटाचे पैसे टॅक्सीवाल्याच्या हातात जातात.

आणि खरा हिशेब इथेच करायचा असतो. पहाटे पाचचं विमान दुपारच्या विमानापेक्षा माणशी सातशे रुपयांनी स्वस्त दिसतं. त्यासाठी साडेतीनच्या सुमाराला पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पोचायचं. नातेपुत्याहून संध्याकाळच्या एसटीने स्वारगेट, तिथून रिक्षा, आणि रात्र विमानतळावर बसून. नाहीतर गावातून गाडी करायची. एकटा माणूस सातशे वाचवायला तीन-साडेतीन हजारांची गाडी करून गेला, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पाचजण असतील तर गाडी तशीही करायचीच असते. मग माणशी सातशेप्रमाणे साडेतीन हजार वाचतात आणि पहाटेचंच विमान फायद्याचं. एकट्याने दुपारी तीन-चारचं विमान बघावं, म्हणजे सकाळच्या एसटीने निवांत जाता येतं. येतानाही हेच. रात्री अकराला पुण्यात उतरणारं विमान स्वस्त असलं तरी पुढे काय, हे आधी ठरवावं. आषाढात माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामाला असते तेव्हा फलटण-माळशिरस रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते, आणि इंदापूर-अकलूजच्या बाजूला तुकोबांची पालखी. त्या आठवड्यातलं विमान असेल तर वारीच्या मुक्कामांचं वेळापत्रक समोर ठेवूनच निघण्याची वेळ ठरवावी. चुकलेल्या विमानाइतकं महाग तिकीट दुसरं नाही.

तिकिटाच्या रकमेत काय काय असतं तेही एकदा उघडून पाहावं. मूळ भाडं, इंधन अधिभार, विमानतळ वापर शुल्क, सुरक्षा शुल्क आणि इकॉनॉमीवर 5 टक्के जीएसटी. विमानतळ बदलला की वापर शुल्क बदलतं. शेवटच्या पानावर ‘कन्व्हीनियन्स फी’ येते. सीट निवडा, जेवण घ्या, विमा काढा, अशा खुणा काही ठिकाणी आधीच केलेल्या असतात, त्या काढून टाकाव्यात. सीटसाठी पैसे भरणं सक्तीचं नाही. चेक-इनच्या वेळी फुकटची जागा मिळतेच, फक्त खिडकी आपल्या आवडीची मिळेल असं नाही. ज्येष्ठ नागरिक, विद्यार्थी आणि सैनिकांची सवलत बहुधा मूळ भाड्यावर असते, एकूण रकमेवर नव्हे. म्हणून सवलतीचा आणि साधा असे दोन्ही दर ताडून पाहावेत. साधा दर कमी निघालेला मी पुष्कळदा पाहिला आहे. विद्यार्थ्यांना मात्र सामानाची जादा मुभा मिळते, आणि वसतिगृहाला निघालेल्या मुलासाठी तीच मोलाची.

सामानात आपली माणसं फार पैसे घालवतात. देशातल्या प्रवासात साधारण 15 किलोची एक बॅग आणि हातात 7 किलो. गावाहून परतताना ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, पापड, कुरडया, सगळं भरलं की वजन वीसच्या पुढे जातं, आणि काउंटरवर किलोमागे आकारणी सुरू होते. घरी काट्यावर वजन करावं. जास्त होणारच असेल तर जादा सामान ऑनलाइन आधी घ्यावं, ते काउंटरपेक्षा स्वस्त पडतं. तेलातलं लोणचं हातातल्या बॅगेत अडवतात. सुकं खोबरं तर मोठ्या बॅगेतही चालत नाही, ते पेट घेणारं मानलं जातं. मसाल्यासाठी आवडीने बांधून दिलेल्या वाट्या तिथेच काढून ठेवाव्या लागतात.

गलाईवाल्यांत पुष्कळजण अजून एजंटाला फोन करूनच तिकीट काढतात, आणि त्यात वावगं काही नाही. मोठे एजंट काही उड्डाणांतल्या जागा महिनोन् महिने आधी ठोक घेऊन ठेवतात. त्याला सिरीज फेअर म्हणतात. दिवाळीच्या गर्दीत ही तिकिटं कंपनीच्या दरापेक्षा खरोखर स्वस्त मिळू शकतात. पण ती बहुधा रद्द करता येत नाहीत, आणि कधीकधी नाव व पीएनआर प्रवासाच्या थोडं आधीच मिळतं. बेत पक्का असेल तरच घ्यावीत, आणि पीएनआर हातात आल्याबरोबर तो कंपनीच्या साइटवर टाकून नाव, तारीख, सामान तपासावं. नाव आधार कार्डाप्रमाणे अक्षरन् अक्षर हवं.

परदेशी जाणाऱ्या आई-वडिलांच्या तिकिटाला वेगळा विचार लागतो. मुंबईहून दुबईचं एक आणि दुबईहून पुढचं दुसरं, अशी सुटी तिकिटं काढली तर हजारो रुपये वाचल्यासारखे दिसतात. मात्र पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं, आणि सामान मध्ये काढून पुन्हा द्यावं लागतं. इंग्रजीची सवय नसलेल्या माणसांना हे करायला लावू नये. एकाच तिकिटावरचा सलग प्रवास घ्यावा. बाळंतपणासाठी जाणाऱ्या आजीची परतीची तारीख हमखास हलते, तेव्हा सर्वांत स्वस्तापेक्षा तारीख बदलायला कमी दंड असलेलं तिकीट शेवटी स्वस्त पडतं. मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत आणि डिसेंबरात अमेरिकेचं भाडं चढलेलं असतं. फेब्रुवारी किंवा सप्टेंबर जमत असेल तर तो धरावा. जायचं-यायचं तिकीट असताना जाण्याचा टप्पा सोडून दिला तर कंपनी परतीचाही रद्द करू शकते, हेही लक्षात असू द्यावं.

जाणं रद्द झालं, तर ‘नॉन-रिफंडेबल’ शब्द वाचून गप्प बसू नये. विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी यंत्रणेच्या नियमानुसार रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही. विमानतळ वापर शुल्कासारखे आकार आणि सरकारी कर, तिकीट परत न मिळणारं असलं तरी आणि माणूस विमानतळावर पोचलाच नाही तरी, परत द्यावे लागतात. एजंटाकडून किंवा पोर्टलवरून काढलेलं तिकीट असलं तरी पैसे परत देण्याची जबाबदारी विमान कंपनीवरच राहते. स्वस्त तिकिटात या रकमेचा वाटा बराच असतो, आणि चौघांचं तिकीट असेल तर दोन-तीन हजारांपर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून मागणी नोंदवावी, एजंटालाही तिची प्रत पाठवावी आणि पैसे खात्यात येईपर्यंत तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा.