संगणकाचा पडदा एचडी म्हणायचा का?

धाराशिव किंवा तुळजापुरात सेतू केंद्रात सातबारा काढायला गेलात, तर टेबलावरच्या जुन्या मॉनिटरवर ‘एचडी’चं लेबल दिसेलच असं नाही. तरी तो एचडी असू शकतो.

एचडी ही मुळात टीव्हीवाल्यांची मोजणी. आपल्याकडे दूरदर्शनचं साधं चित्र 576 ओळींचं. आडवे 1280 आणि उभे 720 ठिपके झाले की एचडी. 1920 बाय 1080 म्हणजे फुल एचडी. दूरदर्शनने एचडी प्रक्षेपण सुरू केलं ते 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. संगणकाला बारीक अक्षरं दाखवायची असल्याने तो आधीच पुढे होता. 1280 बाय 1024 चे चौकोनी मॉनिटर त्याआधी कित्येक वर्षं कचेऱ्यांत होते. त्यांत 13 लाखांवर ठिपके, तर 720 ओळींच्या एचडीत जेमतेम सव्वानऊ लाख!

अर्थात नुसती संख्याही फसवी. 1366 बाय 768 ठिपके 32 इंची टीव्हीवर पसरले की इंचाला 49 येतात. साडेअठरा इंची मॉनिटरवर तेवढेच ठिपके इंचाला 85 भरतात. टीव्ही आपण खोलीच्या दुसऱ्या टोकावरून बघतो, म्हणून 49 चालून जातात. तोच टीव्ही संगणकाला जोडून हातभर अंतरावर ठेवला, की सातबाऱ्यावरचे गट नंबर फुटके दिसतात. म्हणून टीव्ही स्वस्त मिळतोय एवढ्यावर भुलू नये.

नवा मॉनिटर 22 ते 24 इंची घ्यायचा तर फुल एचडीच मागा. आणि आहे त्यावर अक्षरं पुसट वाटत असतील, तर आधी डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्युशन ‘रेकमेंडेड’वर आहे का ते बघा.