दुपारी साडेबाराची अरुंधती

मे महिन्यातलं लग्न. मुहूर्त टळलेला, पंगत खोळंबलेली. गुरुजी नवरा-नवरीला कार्यालयाच्या दाराशी आणतात आणि वर बोट करून म्हणतात, ‘ती बघा अरुंधती.’ दोघंही उन्हात डोळे किलकिले करत माना डोलावतात. गंमत अशी, की सूर्य झाकला तरी तिथे काही दिसलं नसतं. मे महिन्याच्या भर दुपारी आपल्याकडे अरुंधती क्षितिजाखाली असते!

गृह्यसूत्रांनी हा विधी सांगितला तो रात्रीसाठी. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून असलेली मंद चांदणी अरुंधती. ती चटकन सापडत नाही. म्हणून आधी जवळचा ठळक तारा दाखवून ‘हीच अरुंधती’ म्हणायचं, आणि नजर स्थिरावली की तो सोडून शेजारच्या बारीक ठिपक्याकडे वळायचं. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात ब्रह्म समजावताना हाच दाखला घेतला. स्थूलाकडून सूक्ष्माकडे. पुढे दुर्बीण आली, तेव्हा या जोडीच्या बाबतीत नेमकं हेच घडत गेलं.

1617 साली गॅलिलिओचे शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली यांनी वसिष्ठाकडे दुर्बीण वळवली. हे कास्तेल्ली ख्रिस्ती मठातले संन्यासी. त्यांना दिसलं, की एकटा वसिष्ठच दोन ताऱ्यांचा आहे. अरुंधती वेगळीच. 1889 साली हार्वर्ड वेधशाळेच्या एडवर्ड पिकरिंग यांनी आणखी एक गोष्ट जाहीर केली. त्या दोनांपैकी तेजस्वी ताऱ्याच्या वर्णपटातली एक रेषा कधी एकेरी दिसे, कधी दुहेरी. याचा अर्थ तिथेही दोन तारे एकमेकांभोवती फिरताहेत. एक आपल्याकडे येत असतो तेव्हा दुसरा लांब जात असतो, म्हणून रेषा फाटते. कुठल्याही दुर्बिणीतून वेगळे न दिसलेले तारे असे केवळ प्रकाशाच्या चिरफाडीतून पकडले गेले. साडेवीस दिवसांत त्यांची एक फेरी होते. पुढे दुसरा ताराही जोडतारा निघाला. आणि 2009 साली खुद्द अरुंधतीजवळ एक लालसर खुजा तारा सापडला. गुरुजींच्या एका बोटाखाली सहा तारे!

अंतर सुमारे 83 प्रकाशवर्षं. आज डोळ्यांत शिरणारा तो प्रकाश देश स्वतंत्र होण्याआधी निघालेला आहे. वसिष्ठाकडून अरुंधतीकडे जायला प्रकाशाला किमान तीन-साडेतीन महिने लागतात, तरी ही मंडळी गुरुत्वाने एकमेकांशी बांधलेली असावीत, असा अभ्यासकांचा कयास आहे. सप्तर्षींमधले क्रतू आणि मरीची मात्र परके. उरलेले पाच ऋषी आणि अरुंधती आकाशात एकाच दिशेने, एकाच वेगाने चालले आहेत. एकाच वायुमेघातून जन्मलेलं हे कुटुंब.

हे कळल्यावर अरुंधतीला हात जोडण्यात काही कमी होतं, असं मला वाटत नाही. उलट, न पाहता मान डोलावणं हीच खरी अश्रद्धा.

तेव्हा यंदाच्या उन्हाळी लग्नसराईत एवढं कराच. वरात आटोपली की रात्री नऊच्या सुमारास नव्या जोडप्याला गावाबाहेर, दिव्यांपासून लांब न्या आणि उत्तरेकडे तोंड करून उभं करा. सप्तर्षी तेव्हा चांगले वर आलेले असतात. आणि हो, गुरुजींनाही सोबत घ्या.