गोळी संपली म्हणून थांबवू नका

भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या इंदापूर-बारामतीच्या शिवारात उतरतात. त्यात मराठवाड्यातून, विशेषतः बीडकडून आलेली कुटुंबं बरीच असतात. काही महिन्यांच्या या बिऱ्हाडात कुणाच्या पिशवीत औषधाची पट्टीही असते. आमवाताने सुजलेल्या बोटांसाठी किंवा दम्यासाठी गावाकडच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं प्रेडनिसोलोन. पट्टी संपते तेव्हा ते डॉक्टर लांब राहिलेले असतात आणि दवाखान्यासाठी दिवस मोडला तर खाडा पडतो. मग एक तर गोळी बंद होते, नाही तर रिकामी पट्टी दाखवून ती महिनोन्‌महिने विकत घेतली जाते. धोका दोन्हीकडे आहे. त्यातल्या पहिल्या धोक्याची कल्पना फारच थोड्यांना असते.

प्रेडनिसोलोन हे कॉर्टिकोस्टिरॉइड. तालमीत किंवा जिममध्ये स्नायू फुगवायला काही जण घेतात ती स्टिरॉइड निराळी. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसोल तयार करतात. रक्तदाब टिकवणं, साखर पुरवणं, रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणं ही त्याची कामं. ही गोळी त्याच कॉर्टिसोलची जास्त जोरकस भावंड आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सप्टेंबर १९४८मध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५०मध्ये हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. तोवर चेहरा सुजणं, औषध थांबताच दुखणं उसळून येणं हेही डॉक्टरांच्या नजरेला आलं होतं.

बाहेरून औषध येत राहिलं की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी अधिवृक्कांना हुकूम पाठवणं थांबवते. नीरा डाव्या कालव्याला पाणी असताना विहिरीवरची मोटर कोण चालवतो? पण ती महिनोन्‌महिने बंद राहिली आणि एक दिवस कालवाही आटला, तर बटण दाबल्याबरोबर मोटर उचलेलच असं नाही. शरीर एरवी रोज साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं कॉर्टिसोल स्वतः बनवतं. तीन आठवड्यांहून जास्त काळ त्यापेक्षा मोठी मात्रा घेतलेल्या माणसाच्या ग्रंथी निजलेल्या असू शकतात, आणि त्या जाग्या व्हायला आठवडे लागतात, कधी कित्येक महिने. अशा माणसाने गोळी एकदम सोडली तर गळून जाणं, मळमळ, उलट्या, पोटदुखी, उभं राहताच भोवळ येणं असं सुरू होतं. त्यातच ताप किंवा अपघात झाला तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. म्हणूनच डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवतात. दम्याचा झटका आल्यावर दिलेला पाच-सात दिवसांचा कोर्स मात्र बहुतेकदा तसाच थांबवता येतो. आपला कोर्स कोणत्या प्रकारचा, हे पहिल्याच दिवशी विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावं.

एकदाच घ्यायची गोळी सकाळी, खाऊन घ्यायची. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोलही पहाटे-सकाळीच वाढतं. रात्री घेतलेली गोळी झोप उडवते. मधुमेह्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. सकाळच्या गोळीने साखर वाढते ती दुपारनंतर. उपाशीपोटीची तपासणी चांगली आली म्हणून निश्चिंत राहिलेले रुग्ण इथेच फसतात. अंगदुखीसाठी सोबत डायक्लोफिनॅक घेतलं तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याची भीती वाढते. उपचार तीन महिने किंवा जास्त चालणार असतील तर हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल विचारावं, डोळे तपासून घ्यावेत. आपल्याकडे क्षयाचे जंतू अनेकांच्या शरीरात निद्रिस्त असतात आणि दीर्घ काळ स्टिरॉइड घेतल्यास ते डोकं वर काढू शकतात. घरात कुणाला क्षय झाला असेल तर डॉक्टरांपासून ते लपवू नये.

स्टिरॉइडच्या बेसुमार वापराचा चटका महाराष्ट्राने २०२१मध्ये सोसला आहे. ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, दिल्याने मृत्यू कमी होतात, हे २०२०मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. तरीही दुसऱ्या लाटेत अनेकांनी ताप येताच घरीच या गोळ्या सुरू केल्या. अनियंत्रित साखर आणि वारेमाप स्टिरॉइड एकत्र आली, आणि म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गाने कुणाचा डोळा नेला, कुणाचा जबडा. योग्य रुग्णाला, योग्य वेळी, मोजून दिलेल्या त्याच औषधाने त्याच वॉर्डात माणसं वाचवली होती.

सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांची मला जास्त काळजी वाटते. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचं अनेकदा उघडकीस आलं आहे. दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो, भूक वाढते, गाल भरतात; घरचे म्हणतात तब्येत सुधारली. आपण स्टिरॉइड घेतोय हे त्या माणसाला माहीतच नसतं, त्यामुळे पुडी बंद झाल्यावर तो अंथरुणाला का खिळला हे डॉक्टरांनाही चटकन उमगत नाही. दवाखान्यात जाताना अशी पुडीही सोबत न्या; तुम्हाला रागावण्यापेक्षा ती पाहणं डॉक्टरांना जास्त गरजेचं असतं.

गोळीचं नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहिलेला कागद खिशात किंवा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. हंगामाला निघताना पुढच्या तपासणीपर्यंत पुरेल एवढं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. शस्त्रक्रिया ठरली असेल, मोठा ताप आला असेल किंवा अपघातानंतर रुग्णाला बारामतीला हलवलं असेल, तर गेल्या वर्षभरात स्टिरॉइड घेतलं होतं हे सुरुवातीलाच सांगा. अशा वेळी मात्रा कमी नव्हे, वाढवावी लागू शकते. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं, आणि ते वेळेत मिळालं तर रुग्ण बहुधा काही तासांतच सावरू लागतो.