पॉवर वीडर बंद पडला? आधी टाकीचे झाकण पाहा



रुंद सरीवर लागण करणाऱ्या बऱ्याच शेतकऱ्यांकडे आता पेट्रोलवरचा पॉवर वीडर आलेला आहे. पण ऐन बाळबांधणीच्या तोंडाला इंजिन रुसते. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. मग यंत्र टेम्पोत घालून तालुक्याला न्यायचे आणि 'कार्बोरेटर गेला' असे ऐकून नवा बसवून आणायचा. पैसे जातात ते जातातच, पण खरे नुकसान वेळेचे. तण कोवळे आहे तोवर निघते, आणि ऊस एकदा सरीत मिटला की यंत्र आत जातच नाही.

शेताच्या टोकाला पाणी पोचले नाही तर आपण पाट मुखापासून बघत येतो. इंजिनाचेही तसेच आहे. टाकीपासून सुरुवात करावी, कार्बोरेटर शेवटी खोलावा.

दोष पेट्रोलचा की ठिणगीचा?

चोक लावून पाच-सहा वेळा दोरी ओढावी व प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येते आहे; मग ठिणगी, एअर फिल्टर यांकडे बघावे. इंजिनातले ऑइल कमी झाले की काही इंजिने आपणहून ठिणगी तोडतात, तेही पाहावे.

प्लग कोरडा असल्यास क्रमाने असे तपासावे

१) झाकण : इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालते, मग गुदमरून बंद पडते आणि थोड्या वेळाने परत चालू होते, अशी तक्रार असेल तर झाकणाचे हवेचे भोक चिखलाने बुजलेले असते. हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल खाली येत नाही. झाकण सैल करून इंजिन नीट चालले, तर रोग सापडला. भोक साफ करावे, झाकण सैल ठेवून काम करू नये.

२) कॉक, जाळी व पाइप : कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत धरावा व कॉक उघडावा. धार सलग पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर टाकीतली जाळी किंवा कॉक तुंबला आहे. पाइप फुगला, चिरला असेल तर बदलावा.

३) वाटीतील पाणी : कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी आहे. टाकीसकट सगळे काढून टाकावे.

४) जेट : चोक लावला की चालते, काढला की बसते, याचा अर्थ बहुधा जेटमध्ये कचरा आहे. जेट काढून उजेडाकडे धरावा, भोक आरपार दिसले पाहिजे. हवेने फुंकून काढावे. सुईने किंवा लोखंडी तारेने कोरू नये. भोक मोठे झाले की पेट्रोल जास्त जाते आणि काळा धूर सुरू होतो.

कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटची नीडल नीट बसत नाही, एवढे समजावे. ब्रश कटरसारख्या टू-स्ट्रोक यंत्रात वाटी नसते. तिथे टाकीतला लोंबता फिल्टर आणि पातळ पडदा पाहावा. पडदा कडक झाला असेल तर बदलावा.

पेट्रोल शिळे होते

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्यास २००३ साली ५ टक्क्यांनी सुरुवात झाली. २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर व २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. हे इथेनॉल उसापासूनही बनते, त्याचा आपल्याला फायदाच आहे. पण त्याचा स्वभावही आपल्यालाच ठाऊक असायला हवा. इथेनॉल पाणी ओढते. पाणी फार झाले की पाणी व इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि टाकीतून पेट्रोल निघते तेही तळातूनच. अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते असे लिहिलेले असते. आपली पुस्तिका काढून वाचावी आणि रबरी पाइपवर नजर ठेवावी.

म्हणून एका महिन्यात संपेल एवढेच पेट्रोल आणावे. कॅन घट्ट बंद करून सावलीत ठेवावा. काम संपले की टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून वाटीही कोरडी करावी. वाटीत राहिलेले पेट्रोल आटून चिकट राळ होते, आणि पुढच्या हंगामात तीच जेटमध्ये अडकते.

सावधगिरी

हे काम गार इंजिनावर, उघड्या हवेत करावे. विडी-काडी लांब ठेवावी. ठिणगी तपासण्याआधी सांडलेले पेट्रोल पुसून प्लग भोकापासून दूर धरावा. खोडव्यात पाचट पसरलेले असेल तर यंत्र बांधावर मोकळ्या जागेत आणूनच खोलावे. एका ठिणगीत उभे पीक जाते.

एवढे करूनही इंजिन चालू झाले नाही तर मिस्त्रीकडे जरूर न्यावे. मात्र काय काय तपासले ते त्याला सांगावे, म्हणजे चांगला पार्ट बदलला जाणार नाही.