विमानतळाविना देश

युरोपच्या नकाशावर करंगळी टेकली तर तिच्याखालीं झांकून जाईल, एवढा लिश्टनस्टाइन हा देश आहे. स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया यांच्यामध्यें, र्‍हाइन नदीच्या उजव्या तीरावर तो वसला आहे. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर. लोकवस्ती सुमारें ४० हजार. आमच्या ठाणें शहराची वस्ती २०११ च्या शिरगणतींतच १८ लाखांवर गेली होती, तेव्हां ती सबंध प्रजा ठाण्याच्या एका कोपर्‍यांत सहज सामावेल. त्या देशास राजा आहे, कायदेमंडळ आहे, स्वतःचीं टपालाचीं तिकिटें आहेत. सैन्य होतें, तें १८६८ सालीं मोडून टाकलें. प्रवासी विमानतळ मात्र नाहीं.

ह्या दूरच्या संस्थानाशीं आम्हांस काय कर्तव्य, असें कोणी वाचक विचारील. पूर्वीं खरोखरच नव्हतें. परंतु आतां वर्तकनगरापासून डोंबिवलीपर्यंत अशीं घरें थोडीं नाहींत, कीं ज्यांचीं मुलें युरोपांत नोकरीस आहेत. आणि १९४१ सालीं शान ह्या गांवीं निघालेल्या हिल्टीसारख्या मोठ्या कारखान्यांमुळें ह्या चिमुकल्या देशाचें नांवहि कानांवर येऊं लागलें आहे. सुनेचे दिवस भरत आले, कीं घरांतील वडील मंडळींस बोलावणें येतें. मग पहिला प्रश्न हाच, कीं उतरावयाचें कोठें?

जवळांत जवळचा विमानतळ पाहावा, ही आपली साहजिक बुद्धि. नकाशा पाहिला तर कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठीं आल्टेनर्‍हाइन हा स्विस विमानतळ वाडुझ ह्या राजधानीपासून पन्नाससाठ किलोमीटरांवर आढळतो. त्याचा इतिहास मोठा आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहानें जर्मनीवर विमानबांधणीचे निर्बंध आले, म्हणून डॉर्निए कंपनीनें सरोवराच्या ह्या स्विस कांठावर कारखाना घातला, आणि बारा एंजिनांचें 'डो एक्स' हें अजस्र जलविमान तेथें १९२९ सालीं प्रथम उडालें. पलीकडच्या जर्मन कांठावर फ्रीडरिक्सहाफेन. काउंट झेपेलिनचें पहिलें वायुयान १९०० च्या जुलैंत ह्याच सरोवरावर तरंगलें. ह्या दोन विमानतळांच्या दरम्यान २०१६ च्या नोव्हेंबरांत चक्क जेट विमान सुरू झालें होतें. अवघ्या आठ मिनिटांचा परदेशप्रवास! पुढल्याच वर्षीं तें बंद पडलें, ह्यांत नवल तें काय? इतिहास वाचण्यास हीं स्थळें उत्तम. पण तेथें उतरणारीं विमानें मोजकीं, आणि मुंबईहून एकहि नाहीं. नुसत्या अंतराच्या लोभानें तिकडचें तिकीट काढणें म्हणजे वाटेंत एकदोनदां विमान बदलण्याचा त्रास विकत घेणें होय.

खरा विमानतळ झुरिचचाच. मुंबईहून तेथें सरळ विमान जातें. हा संबंधहि जुळ्यासारखा आहे. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून लंडनला प्रथम निघालें, तें कैरो व जिनीव्हा येथें थांबत गेलें. आणि त्याच महिन्यांत झुरिचजवळ क्लोटेन येथील विमानतळ वाहतुकीस खुला झाला. तेथून वाडुझ सव्वाशे किलोमीटरांच्या आंतच आहे, म्हणजे ठाण्याहून पुण्यापेक्षां जवळ. विमानतळाच्या पोटांतच १९८० पासून रेल्वेचें स्थानक आहे. झुरिचच्या मुख्य स्थानकावर गाडी बदलावी, सारगान्सला उतरावें, आणि तेथून बसनें वाडुझला जावें. सर्व मिळून दोन तासांच्या आसपास लागतात. वाडुझच्या नांवावर रेल्वेस्थानक शोधूं नये. देशांतून जाणारा एकच रुळमार्ग आहे, तो १८७२ सालचा, बुक्स ते फेल्डकिर्ख असा. आणि झुरिचहून व्हिएन्नास धांवणार्‍या जलद गाड्या देशांत न थांबतांच पार निघून जातात. झोंप लागली तर जागें होईपर्यंत ऑस्ट्रिया आलेला असतो!

फ्रँकफुर्ट किंवा म्युनिचमार्गें तिकीट स्वस्त मिळालें, म्हणून मोह होतो. पण शेंगेन प्रदेशांत शिरण्याची तपासणी पहिल्या शेंगेन विमानतळावरच होते, हें ध्यानांत असावें. म्हणजे फ्रँकफुर्टला उतरून पुढें झुरिचला जाणार्‍या आजोबांस जर्मन अधिकार्‍यापुढें रांगेंत उभें राहावें लागणार, आणि रांग लांबली कीं पुढचें विमान हुकणार. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे व चेहर्‍याचें चित्र घेण्याची नवी पद्धति टप्प्याटप्प्यानें सुरू झाल्यामुळें हाताशीं वेळ अधिकच ठेवावा. आमचें स्पष्ट मत असें, कीं गुडघे दुखणार्‍या माणसांनीं चार पैसे अधिक देऊन सरळ विमानानेंच जावें, आणि तिकीट काढतांनाच व्हीलचेअर सांगून ठेवावी. तींत संकोच कसला?

व्हिसा लिश्टनस्टाइनचा म्हणून निराळा नसतो. त्या देशाच्या वतीनें स्विस वकिलातच तो देते, आणि १९ डिसेंबर २०११ पासून तो देश शेंगेनमध्यें आहे. येथें एक गोष्ट घरच्या मंडळींनीं आधींच बोलून घ्यावी. कोणत्याहि १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं, आणि मोजणी पहिल्या शेंगेन विमानतळावर पाऊल पडल्या दिवसापासून सुरू होते. वाडुझहून चार दिवस व्हिएन्ना पाहून आलें, तर ते दिवस वजा होत नाहींत. आजीनें बाळंतपणापूर्वीं पंधरवडाभर आधीं जावें कीं बारशापर्यंतचे दिवस राखून ठेवावे, हा हिशेब तिकिटापूर्वींचा आहे. सुनेचें माहेर व सासर दोघांसहि जावयाचें असेल, तर पाळीपाळीनें जाण्याचाहि.

आतां एवढ्या संपन्न देशानें आपला विमानतळ कां बांधूं नये? उत्तर आमच्याच जिल्ह्याच्या वेशीवर आहे. नवी मुंबई विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें व २५ डिसेंबरास तेथून प्रवासी विमानें उडूं लागलीं. त्याची जमीन ११६० हेक्टर. एवढा विमानतळ लिश्टनस्टाइननें बांधावयाचा म्हटला, तर देशाचा चौदावा हिस्सा त्यांत जाईल. आणि डोंगर सोडून नदीकांठची सपाटी तेवढी मोजली, तर शेतें व घरें यांस उरेल काय? येथें त्यासाठीं उलवे टेकडी कापावी लागली, नदीचा प्रवाह वळवावा लागला, दहा गांवें उठवावीं लागलीं. कल्याणकडे मलंगगडाच्या वाटेवरील नेवाळीची कथा तर ह्याहून कडू. दुसर्‍या महायुद्धांत इंग्रज सरकारनें तेथील शेतकर्‍यांच्या जमिनी घेऊन धांवपट्टी केली. युद्ध संपलें, प्रवासी विमानतळ कांहीं झाला नाहीं, जमिनीहि परत मिळाल्या नाहींत. आणि २२ जून २०१७ रोजीं त्यावरून आंदोलन पेटलें. लिश्टनस्टाइननें १९२३ सालीं स्वित्झर्लंडशीं जकातीचा करार केला, त्याचें नाणें घेतलें, सीमेवरची तपासणी सोडली. विमानतळहि शेजार्‍याचाच वापरला. बाल्झर्स येथें हेलिकॉप्टरांपुरता तळ आहे, तेवढा पुरतो.

वर्तकनगरच्या माणसास ही व्यवस्था परकी वाटूं नये. त्याच्या कित्येक पिढ्यांनीं सांताक्रूझ व सहार हेच आपले विमानतळ मानले आहेत. झुरिचचें सरळ विमान धरावयाचें तर पोखरण रस्त्यावरून कॅडबरी नाका, तेथून पूर्व द्रुतगति मार्ग, पुढें जोगेश्वरी-विक्रोळीचा रस्ता. अंतर पंचवीसएक किलोमीटर. पावसाळ्यांत मात्र ह्या पंचवीस किलोमीटरांस तिकडच्या सव्वाशेंइतका वेळ लागूं शकतो, तेव्हां घरून निघण्याची वेळ आकाश पाहून ठरवावी. परतींतहि हीच दक्षता हवी. झुरिचहून विमान सकाळचें असेल, तर वाडुझहून पहांटेच्याहि आधीं निघावें लागतें. तशा वेळीं मुलाच्या मोटारीनें जावें, किंवा आदल्या रात्रींच झुरिचला मुक्कामास राहावें.