कॉम्प्युटरच्या जुन्या पंख्यांनी घरची हवा गाळताना

कोविडकाळात, 2020 मध्ये, अमेरिकेत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांनी हवा गाळणारा एक स्वस्त खोका सुचवला: भोवती फिल्टर, वर मोठा पंखा. पुढे हौशी मंडळींनी त्यात कॉम्प्युटरमधले छोटे पंखे बसवले. आवाज कमी आणि वीज एका पंख्याला जेमतेम दोन-तीन वॅट.

हे पंखे बहुतेक 12 व्होल्ट डीसीचे असतात. घरातल्या 230 व्होल्टच्या प्लगला ते थेट जोडणे म्हणजे जिवाशी खेळ. चांगल्या बनावटीचा 12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घ्यावा आणि सगळे पंखे समांतर जोडावेत. प्रत्येकाच्या चिठ्ठीवरचे अँपिअर मिळवावेत. 0.2 अँपिअरचे पाच पंखे म्हणजे 1 अँपिअर; मग अ‍ॅडॉप्टर दीड-दोनचा बरा. मोबाइलच्या 5 व्होल्ट चार्जरवर पंखा रेंगाळतो, कधी सुरूच होत नाही.

क्षयाचे किंवा कोविडचे हवेतले कण अडवतो तो फिल्टर, पंखा नव्हे. नुसता पंखा रुग्णाकडची हवा घरच्यांकडे ढकलू शकतो. क्षयरुग्णाच्या खोलीत खिडकी उघडी हवीच, औषधेही नियमित हवीत, खोका त्यानंतर. कळकटलेला फिल्टर धुऊ नये, बदलावा.