बांधावरून की शेतातून?

लेखमाला : उत्तराची वाट – भाग ७

भात झोडून झाला, की कर्जतच्या राजनाल्याकाठी एकच चौकशी सुरू होते : पाणी सुटलं का? हे पाणी घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणातलं. डोंगर उतरताना ते भिवपुरीच्या वीजघरात टाटांची वीज करतं. १९२२ पासून त्याचं हे काम चालू आहे. वीज करून झाली, की ते उन्हाळी भाताच्या खाचरांत शिरतं आणि उरलेलं उल्हासला मिळतं. शेजारच्या खालापुरात खोपोलीचं वीजघर याहून जुनं, १९१५ चं. तिथलं पाणी पाताळगंगेत उतरतं आणि खाली रसायनीच्या कारखान्यांच्या कामी येतं. वीज, भात, कारखाने, शहरांचे नळ. पाणी तेच, मागणारे चार. कुणाला किती दिलं, की सगळ्यांत जास्त पदरात पडेल?

अशा प्रश्नांना गणितात रेषीय नियोजन म्हणतात. त्यांच्या उत्तराची वाट एका मराठी माणसाने १९८४ मध्ये बदलली. आजचा भाग नरेंद्र करमरकरांचा.

आधी प्रश्न लहान करून घेऊ. नाल्याकाठी एक एकर, म्हणजे ४० गुंठे जमीन आहे. भात लावायचा आणि भेंडी. आकडे समजण्यापुरते घेतो. गुंठ्याला भाताला पाण्याचे ३ वाटे लागतात, भेंडीला १. मिळणार एकूण ९० वाटे. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, म्हणून तिला गुंठ्यामागे ४ रोज मजुरी आणि भाताला १. घरात मिळून १०० रोज निघतात. नफा गुंठ्याला भाताचा ३०० रुपये, भेंडीचा ४०० रुपये.

भाताचे गुंठे आडव्या रेषेवर आणि भेंडीचे उभ्या रेषेवर मांडले, की जमीन, पाणी आणि मजुरी या तीन अटी तीन बांध घालतात. दोन अक्ष धरून पाच कोपऱ्यांचं एक शेत कागदावर तयार होतं. या शेतातला प्रत्येक बिंदू म्हणजे लागवडीचा एक शक्य बेत. सर्वांत जास्त नफ्याचा बेत कुठल्या तरी कोपऱ्यावर सापडतोच, हे सिद्ध करता येतं.

अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स रीत दिली. ती बांधावरून चालते. रिकाम्या शेताच्या कोपऱ्यातून निघायचं. पहिला बांध संपतो तिथे नुसती २५ गुंठे भेंडी, नफा १०,००० रुपये. तिथून पुढच्या बांधाने गेलं, की २० गुंठे भात आणि २० गुंठे भेंडी, नफा १४,०००. त्याच्या पुढच्या कोपऱ्यावर २५ गुंठे भात, १५ गुंठे भेंडी, नफा १३,५००. उतार लागला, तेव्हा मागच्याच कोपऱ्यावर थांबायचं.

दोन पिकांचं शेत असं दोन पावलांत संपतं. विमान कंपनीच्या वेळापत्रकात मात्र चलं, म्हणजे ठरवायच्या राशी, हजारोंनी असतात आणि कोपऱ्यांची मोजदाद सुटते. बहुतेक वेळा सिम्प्लेक्स फार फिरत नाही. पण क्ली आणि मिंटी यांनी १९७२ मध्ये मुद्दाम रचलेल्या एका आकारावर ती एकेक कोपरा पालथा घालत बसते. अशा रचनेत ३० चलं असली, तर पावलं होतात १०७ कोटींहून जास्त. सोव्हिएत गणिती खाचियान यांनी १९७९ मध्ये पावलं आटोक्यात ठेवणारी रीत सिद्ध केली. पण प्रत्यक्ष वापरात ती रडतखडत चाले. एक रीत पळायची पण हमी देत नव्हती, दुसरी हमी द्यायची पण पळत नव्हती.

करमरकरांचा जन्म ग्वाल्हेरच्या मराठी घरातला. १९७८ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी, मग कॅलटेक, आणि १९८३ मध्ये बर्कलीला रिचर्ड कार्प यांच्या हाताखाली पीएच.डी. मोजक्या पेट्यांत सामान कसं बसवावं, यावरचं गुरुशिष्यांचं काम आजही अभ्यासलं जातं. पुढे ते बेल लॅब्समध्ये गेले आणि तिशी गाठण्याआधीच त्यांनी बांध सोडला.

त्यांची रीत शेतातून चालते. शेताच्या आतून निघायचं आणि नफा वाढतो त्या दिशेने पाऊल टाकायचं. अडचण अशी, की बांधाला खेटून उभं राहिलं तर पुढचं पाऊल टाकायला जागा उरत नाही. यावर करमरकरांनी दर पावलाला शेताचा नकाशाच नव्याने ताणला. तो असा ताणायचा, की आपण पुन्हा मधोमध येऊ आणि सगळे बांध पुरेसे लांब जातील. मग पाऊल टाकायचं आणि नकाशा मूळ आकारात आणायचा. ही रीत हमीही देत होती आणि पळतही होती. नोव्हेंबर १९८४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

पाठोपाठ वादही आला. वेगाचा दावा मोठा होता, पण तो पडताळायला लागणारा प्रोग्राम बेल लॅब्सने खुला केला नाही. १९८८ मध्ये रीतीचं पेटंट मिळालं आणि गणिताची मालकी कुणाला सांगता येते का, यावर विद्वान हमरीतुमरीवर आले. दरम्यान १९८६ मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिलं, की ही रीत साठच्या दशकातल्या, अडगळीत पडलेल्या ‘अडसर’ पद्धतीची जवळची नातलग आहे. त्या पद्धतीत बांधाजवळ जाणाऱ्याला दंड बसतो आणि पुढचं पाऊल न्यूटनच्या रीतीने काढतात. मागच्या भागात आपण वर्गमूळ काढलं, ती हीच रीत. सोव्हिएत संघात दिकिन यांनीही १९६७ मध्ये आतली एक वाट मांडली होती, पण तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. शेतातली पायवाट अगदीच अनवट नव्हती, तर. तिच्यावरून हमीने आणि वेगाने जाता येतं, हे दाखवलं करमरकरांनी.

संख्यात्मक विश्लेषणाचा, म्हणजे आकडेमोडीने उत्तर गाठण्याच्या शास्त्राचा, खरा घाम या वाटेवरच गळतो. शेतातून गेलं की पावलं थोडी पडतात. प्रश्न प्रचंड असला तरी बहुधा काही डझनांत भागतं. पण प्रत्येक पावलाला हजारो समीकरणं एकदम सोडवावी लागतात. त्यांत बहुतेक जागी शून्यं असतात, म्हणून ती कोणत्या क्रमाने सोडवायची यावर वेळ ठरतो. आणि उत्तर जवळ आलं, की दशांशाच्या शेवटच्या घरातली चूकही पाऊल वाकडं पाडू शकते.

करमरकरांना १९८८ मध्ये फल्कर्सन पुरस्कार आणि २००० मध्ये कानेलाकिस पुरस्कार मिळाला. ते भारतात परतले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले आणि महासंगणकाच्या रचनेकडे वळले. टाटांच्या पाठबळावर पुण्यात निघालेल्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचे ते संस्थापक संचालक. तिथला ‘एका’ महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगाच्या यादीत चौथा आला. रीतीकडून यंत्राकडे गेलेली ही कारकीर्द दिसते तेवढी तुटक नाही. उत्तर आहे हे कळल्यावर ते वेळेत हाती कसं येईल, हाच प्रश्न दोन्हीकडे होता.

बांधवाले मात्र हरले नाहीत. करमरकरांच्या धसक्याने सिम्प्लेक्सवाल्यांनीही आपली रीत घासूनपुसून घेतली. आजच्या व्यावसायिक प्रोग्रामांत दोन्ही वाटा असतात. शेतातून उत्तराजवळ जायचं आणि शेवटचा कोपरा बांधावरून गाठायचा, असंही पुष्कळदा करतात. राजनाल्याकाठच्या माणसाला यात नवल वाटायचं नाही. कापणी झालेल्या खाचरातून तो सरळ चालत जातो, आणि लावणी झालेली दिसली की बांधावर चढतो.

पुढच्या भागात : दशांशाच्या शेवटच्या घरातली चूक वाढते कशी, आणि तिला आवरतात कसं.